रिपोर्टवरचा ४७ आणि दोनशे पानी वही

बाळाला डाऊन सिंड्रोम आहे का हे सांगणारा कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडतो तेव्हा त्यातली एकच ओळ कामाची असते. मुलगा असेल तर ‘४७, एक्सवाय, +२१’, मुलगी असेल तर ‘४७, एक्सएक्स, +२१’. खाली गुणसूत्रांचा फोटो असतो. लहानमोठ्या काड्या जोडीजोडीनं मांडलेल्या आणि एकविसाव्या जागी दोनाऐवजी तीन, म्हणून एकूण ४६ ऐवजी ४७. कोल्हापुरात राजारामपुरीच्या कुठल्यातरी गल्लीत गाडीच्या सीटवर कागद पसरून आई-वडील दोघं ती तिसरी काडी शोधत उभे असतात. ती सापडते. आता पुढं काय, हे मात्र त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणून हे सगळं इथं.

आधी ती काडी आली कुठून ते. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची वाटणी होते. त्यात एकविसावी जोडी सुटत नाही आणि दोन्ही एकाच बाजूला जातात. बहुतेक वेळा हे स्त्रीबीजात घडतं, म्हणजे गर्भ राहायच्याही आधी. जॉन लँग्डन डाऊन या इंग्लिश डॉक्टरानं अशा मुलांचं वर्णन लिहिलं १८६६ मध्ये, पण कारण कळायला १९५९ उजाडलं. त्या वर्षी फ्रान्समध्ये जेरोम लेजून आणि सहकाऱ्यांनी जादाचं गुणसूत्र दाखवून दिलं. एवढी वर्षं झाली तरी आपल्याकडं बाळंतिणीला पहिला प्रश्न येतो तो ‘गिराण पाळलं न्हवतंस काय गं?’ ग्रहणात चिरलेली भाजी, पपई, गाडीवर बसलेला धक्का, राहिलेले डोहाळे, यातलं काहीही गुणसूत्रापर्यंत पोचत नाही. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं आहे. पंचविशीत साधारण बाराशेत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. पण आपल्याकडं बाळंतपणंच तरुण वयात जास्त होतात, त्यामुळं डाऊन सिंड्रोमची बरीचशी मुलं पस्तिशीच्या आतल्या आयांची असतात. सासूबाईंना हे सांगायचं काम नवऱ्याचं आहे. बाळंतिणीनं स्वतःची बाजू स्वतः मांडत बसायचं नाही.

रक्त अजून द्यायचं असेल तर बाटलीचं टोपण बघा. या तपासणीला हिरव्या टोपणाची, हेपॅरिन असलेली नळी लागते आणि बाळाचं २ मिली रक्त पुरतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं तर बहुतेक वेळा वाया जातं, कारण इथं पेशी मोजायच्या नसतात, जिवंत ठेवून तीन दिवस वाढवायच्या असतात. आपल्याकडचे नमुने बऱ्याचदा पुण्या-मुंबईच्या लॅबला जातात. म्हणून शनिवारी संध्याकाळी रक्त देऊ नका, रविवारभर ते कुरिअरच्या कपाटात पडून राहील. बर्फात गोठलेलंही चालत नाही. पेशी वाढल्या नाहीत तर लॅब परत नमुना मागते. त्यात बाळाची चूक नसते, आजार वाढलाय असाही त्याचा अर्थ नसतो. रिपोर्टला दोन ते तीन आठवडे लागतात.

शंभरातल्या पंच्याण्णव रिपोर्टांवर वर लिहिलेलीच ओळ असते. तीन-चार रिपोर्टांवर मात्र एकूण आकडा ४६ असतो आणि पुढं ‘रॉब’ किंवा ‘डेर’ अशी अक्षरं येतात. म्हणजे जादाचा तुकडा दुसऱ्याच गुणसूत्राला चिकटलाय. असं असेल तरच आई-वडील दोघांचं कॅरिओटाइप करायचं. आई वाहक निघाली तर पुढच्या बाळाला साधारण १० ते १५ टक्के शक्यता असते, वडील असतील तर बरीच कमी. नेहमीची ट्रायसोमी, म्हणजे सुटं तिसरं गुणसूत्र, असेल तर पुढच्या खेपेला धोका एक टक्क्याच्या आसपास, किंवा आईच्या वयाचा जो असेल तो. अशा वेळी दोघांची महागडी तपासणी कुणी सुचवली तर ‘का’ म्हणून विचारा. उरलेले एक-दोन टक्के मोझेक प्रकारचे, त्यात काही पेशी ४६ च्या आणि काही ४७ च्या असतात. ‘मोझेक म्हणजे सौम्य’ असं धरून चालू नका, रक्तातली टक्केवारी मेंदूतल्या टक्केवारीबद्दल फारसं काही सांगत नाही.

आता आशेबद्दल. पहिल्या महिन्यात नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवतात. डाऊन सिंड्रोमचा कुणी पदवीधर, कुणी कॅफे चालवणारी, कुणी नट. हेतू चांगला असतो, पण दूध ओढताना झोपून जाणारं पंधरा दिवसांचं बाळ मांडीवर असताना त्या पदवीचं करायचं काय? माझ्या मते त्या दिवसांतली आशा महिन्याभराएवढीच मोठी असावी. पुढची तपासणी कुठली, पुढची तारीख कुठली, बाळ नवं काय करतंय. यासाठी पापाची तिकटीला किंवा कुठंही मिळते ती दोनशे पानी वही आणा. डाव्या पानावर तारखा, वजन, रिपोर्टचे आकडे. उजव्या पानावर बाळानं आज काय केलं. मोबाईलमध्ये नको. वही डॉक्टरांपुढं उघडून ठेवता येते आणि आजीलाही लिहिता येते. एक आकडा तेवढा पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही. पुढारलेल्या देशांत १९८३ च्या सुमारास डाऊन सिंड्रोमच्या माणसांचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांचं होतं, आता ते साठीपर्यंत गेलंय. हे कुठल्या नव्या औषधानं झालेलं नाही. हृदयाची ऑपरेशनं वेळेवर व्हायला लागली आणि मुलं संस्थांत कोंडायचं बंद होऊन घरात वाढायला लागली, त्यानं झालं.

म्हणून वहीतली पहिली नोंद इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मतः काहीतरी दोष असतो. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ‘आवाज नाही’ म्हणाले तरी थांबायचं नाही. छिद्र मोठं असेल आणि फुप्फुसाकडचा दाब चढलेला असेल, तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि आवाजच येत नाही. बाळ शांत दिसतं, दूध पितं, घरचे म्हणतात हृदय ठणठणीत. इकडं फुप्फुसाच्या नळ्या जाड होत जातात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला मधला भाग बनलेलाच नाही, असा दोष या मुलांत खास आढळतो. त्याचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान व्हावं लागतं. वर्ष-दीड वर्ष उलटलं तर कधीकधी ऑपरेशन करण्यासारखी अवस्थाच राहत नाही. ‘जरा अंगानं भरू दे, मग बघू’ हा सल्ला इथं घात करतो. दूध पिताना कपाळाला घाम, मिनिटभर ओढून दम खाणं, वजन न वाढणं ही लक्षणं चौथ्या ते आठव्या आठवड्यात सुरू होऊ शकतात. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. बाळाचं नाव अजून रेशन कार्डावर नसतं, तेव्हा जन्मदाखला आणि आई-वडिलांचं कार्ड घेऊन योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, मग ऑपरेशनची तारीख घ्या. पैसे भरून नंतर योजनेत बसवता येईल या भरवशावर राहू नका.

बाकीच्या तपासण्या पटापट सांगतो. पहिल्या तीन दिवसांत सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, कारण काही बाळांत पांढऱ्या पेशी तात्पुरत्या भलत्याच वाढतात. त्या बहुधा आपोआप उतरतात, पण पुढची काही वर्षं लक्ष ठेवावं लागतं. थायरॉइडचं टीएसएच जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात, वर्षाचं झाल्यावर आणि मग दरवर्षी, जन्मभर. हे चुकवू नका. थायरॉइड कमी पडलं तर बाळ सुस्त होतं, शी घट्ट होते, वाढ थांबते आणि सगळेजण ‘डाऊन्सच आहे, असंच असणार’ म्हणून सोडून देतात. गोळी सुरू झाली तर सकाळी उपाशीपोटी चमच्यात चुरून थोड्या पाण्यातून द्यायची. बाटलीभर दुधात मिसळली तर बाळ अर्धी बाटली टाकतं आणि अर्धा डोसही जातो. लोह किंवा कॅल्शियमचं औषध चालू असेल तर चार तासांचं अंतर ठेवा. कानाची तपासणी जन्मल्यावर आणि सहाव्या महिन्यात. नंतर कानाची नळी अरुंद असल्यानं आत चिकट पाणी साठतं का, हे दर सहा महिन्यांनी बघायचं. डोळे सहा महिन्यांच्या आत दाखवायचे. मोतीबिंदू तान्ह्या बाळालाही असतो. ४८ तासांत पहिली काळी शी झाली नाही, किंवा हिरव्या उलट्या झाल्या, तर तो आतड्याचा प्रश्न असू शकतो. त्याच दिवशी बालशल्यचिकित्सक गाठा.

दूध पाजणं मात्र सावकाश सांगायला हवं, कारण पहिल्या दोन महिन्यांत आयांचा धीर इथंच सुटतो. या बाळांचे स्नायू सैल असतात. ओठ घट्ट मिटत नाहीत, जीभ पुढं येते, हनुवटी खाली घसरते आणि पकड सुटते. म्हणून बाळ आडवं धरू नका, अर्धवट बसतं धरा, डोकं पोटापेक्षा वर. ज्या बाजूनं पाजताय तो हात स्तनाखाली घाला: मधलं बोट, अनामिका आणि करंगळी स्तनाला खालून आधार देतील, अंगठा बाळाच्या एका गालावर आणि तर्जनी दुसऱ्या गालावर येईल. दोहोंच्या मधल्या खोबणीत बाळाची हनुवटी टेकते. गाल दाबायचे नाहीत, नुसता आधार द्यायचा. असं धरलं की ओढण्याचा आवाज बदलतो. ‘च्यक च्यक’ अशी हवा जात होती ती थांबते आणि गिळल्याचा बारीक आवाज येऊ लागतो. हे बाळ भुकेनं रडून उठेल याची वाट बघायची नाही, दर दोन ते तीन तासांनी उठवायचं. दुपटं काढा, तळपायाला गुदगुल्या करा, ओल्या फडक्यानं तोंड पुसा. अर्ध्या तासात दमलं तर ओढत बसू नका, उरलेलं दूध काढून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं द्या. बोंडल्याचं टोक ओठाच्या कोपऱ्याला टेकवायचं आणि बाळ जिभेनं घेईल तेवढंच वाकवायचं. घशात ओतलं की ठसका लागतो आणि दूध छातीत जातं. या बाळांना न्यूमोनिया होण्यामागं असं ओतणं हे एक मोठं कारण असतं. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, उघड्या अंगानं. पहिला आठवडा सोडला तर रोज २० ते ३० ग्रॅम वाढ धरा. त्यापेक्षा सतत कमी येत असेल तर इको आणि टीएसएच परत बघायला सांगा, नुसतं पावडरचं दूध सुरू करून प्रश्न मिटत नाही.

आणि न्हाऊमाखू. सव्वा महिना न्हाऊ घालायला येणारी बाई पाय लांब करून बसते, नडग्यांवर बाळ घेते, तेल रगडते. हे सगळं चालेल, चांगलंच आहे. कातडीला स्पर्श मिळतो आणि बाळ जागं होतं. पण नंतर ती हात छातीवर ओलांडून खेचते, पाय डोक्याला लावते, घोट्याला धरून उलटं लोंबवते. हे या बाळाला करायचं नाही. सांधे आधीच ढिले आहेत, मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधले बंधही ढिले असू शकतात. ‘बाळ किती लवचीक आहे बघा’ असं कौतुकानं म्हणत ती आणखी वाकवते. मावशींना पहिल्याच दिवशी सांगा, चोळा पण ओढू नका. नाकात-कानात तेल घालायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि अरुंद कानातलं बाहेर येत नाही. ओवा-वावडिंगाची धुरी बंद. बाळ घट्ट गुंडाळायची हौस असेल तर कमरेच्या वर, पाय मोकळे राहू द्या.

फिजिओथेरपी इको झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटलं की लगेच सुरू करायची. सहा महिन्यांची वाट बघायची नाही. जिल्ह्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली लवकर उपचाराची केंद्रं असतात, त्याची चौकशी सीपीआरपासून, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यापासून, सुरू करा. चंदगड, गगनबावड्यासारख्या लांबच्या तालुक्यात असाल तर याच कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. अंगणवाडीताईंकडं नाव आधीच देऊन ठेवा म्हणजे ते सीपीआरला चिठ्ठी देतात. पण आठवड्यातून एकदा अर्धा तास थेरपिस्टकडं नेण्यानं फारसं होत नाही. तिथं आईनं शिकायचं आणि घरी रोज करायचं. पालथं ठेवणं घ्या. एका वेळी मिनिट-दोन मिनिटंच, पण दिवसातून आठ-दहा वेळा, दूध पाजल्यावर लगेच नाही. छातीखाली हातरुमालाची वळकटी, समोर आईचा चेहरा. पाठीवर झोपलं की पाय बेडकासारखे बाहेर पडतात, म्हणून मांड्यांच्या बाहेरून दोन्हीकडं टॉवेलच्या गुंडाळ्या लावायच्या. बसायला लागल्यावर देवघरातला पाट काढा. पाटावर बसवलं की तळपाय जमिनीला टेकतात आणि पाठ सरळ राहते. दोन्ही पाय मागं टाकून इंग्रजी डब्ल्यूसारखं बसायची सवय ही मुलं हटकून लावून घेतात. दिसलं की पाय पुढं घ्यायचे, प्रत्येक वेळी.

बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आसपास चालतात, काही दीडला, काहींना तीन-चार वर्षंही लागतात. प्लास्टिकचा गोल वॉकर आणू नका. त्यात मूल लोंबकळतं आणि चवड्यांवर ढकलतं, पोटाच्या आणि कमरेच्या स्नायूंना काहीच काम राहत नाही. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्याहून कितीतरी चांगला, मात्र मूल धरून उभं राहायला लागल्यावर. रिकामा गाडा पळतो आणि मूल तोंडावर आपटतं, म्हणून पुढच्या फळीवर दोनेक किलो तांदळाची पिशवी बांधा. तळपाय सपाट असतात, घोट्याला आधार देणारे बूट लागतात. पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात या मुलांना मोठी फट असते. कोल्हापुरी चपलेच्या अंगठ्यासाठी देवानं जागाच करून दिलीय असं वाटावं, पण चप्पल बारशाच्या फोटोपुरती. आणि हो, बारसं करा. बाराव्या दिवशी जमलं नाही तर नंतर, पण करा. दारं लावून घेतलेल्या घराबद्दल गल्ली जे बोलते ते बारसं झालेल्या घराबद्दल बोलत नाही.

वरचं खाणं सहा महिने पूर्ण झाल्यावर. चमचा उथळ हवा. तो जिभेच्या मधोमध ठेवून हलकेच खाली दाबायचा आणि थांबायचं. वरचा ओठ स्वतःहून खाली येऊन घास पुसून घेईपर्यंत थांबायचं. आपण घाईनं वरच्या हिरडीला चमचा पुसून काढतो. मग ओठ कामच शिकत नाही आणि हाच ओठ पुढं ‘प, ब, म’ म्हणायला लागतो. नाचणीची खीर चमचा तिरपा केला तरी पडू नये इतकी घट्ट. आठव्या-नवव्या महिन्यापासून मऊ गाठी राहू द्या. चार वर्षांच्या मुलाला मिक्सरमधली खिचडी देणारी घरं बरीच आहेत, भीतीपोटी. पण चावायला न शिकलेलं मूल पुढं पोळीच खात नाही. दात उशिरा येतात, तरी हिरड्यांनी भात चावता येतो. गंगावेशीतलं धारोष्ण दूध मोठ्यांनी प्यावं, लहानांना नाही. कुठलंही वरचं दूध पिण्यासाठी द्यायचं ते वर्षानंतर आणि उकळूनच. तीन-चार वर्षांनंतर प्रश्न उलटा होतो, वजन वाढायला लागतं. तेव्हा लाड म्हणून बिस्किटं बंद करून रंकाळ्यावर चालायला न्या.

बोलणं उशिरा येतं, पण समजणं त्याच्या बरंच पुढं असतं. या दोहोंमधल्या अंतरात मूल चिडतं, वस्तू फेकतं आणि ‘हट्टी’ ठरतं. त्यासाठी खुणा. नऊ-दहा महिन्यांपासून तीनच घ्या: ‘दूध’ला मूठ उघडझाप, ‘आणखी’ला दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवणं, ‘झालं’ला तळवे उलटे. खूण करताना शब्द म्हणायचाच. खुणांनी मूल मुकं राहतं ही समजूत चुकीची आहे, शब्द आला की खूण आपोआप गळते. घरातली भाषा मराठी तर मराठीच बोला. शाळा इंग्रजी म्हणून आजीनंही ‘बॉल’, ‘काऊ’ म्हणायची गरज नाही. पाहून शिकणं ही या मुलांची जमेची बाजू. घरातल्या माणसांचे आणि वस्तूंचे पोस्टकार्डाएवढे फोटो काढा. मागं नाव लिहू नका, वेगळ्या कार्डावर दोन बोटं उंचीच्या अक्षरात लिहा आणि जोडी लावायचा खेळ खेळा. बाराखडी येण्याआधीच ‘आई’, ‘चेंडू’ असे अख्खे शब्द ओळखणारी मुलं यात बरीच असतात.

मधल्या काळात कुणीतरी स्टेम सेल सुचवेल. काही लाख रुपये आणि फोटोंचा अल्बम. डाऊन सिंड्रोमवर स्टेम सेलचा उपयोग सिद्ध झालेला नाही. प्रत्येक पेशीत असलेलं गुणसूत्र इंजेक्शननं निघत नाही. बुद्धी वाढवणारी सिरपं, महागडी जीवनसत्त्वं, तोच प्रकार. जोतिबाला नवस बोला, गुलाल उधळा, त्यानं नुकसान काही नाही. फक्त थायरॉइडची गोळी त्यासाठी थांबवू नका.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट क्षुल्लक आहे. कॅरिओटाइप बारशाच्या आधी होतं, म्हणून रिपोर्टवर ‘बेबी ऑफ अमुक’ असं आईचं नाव छापलेलं असतं. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव, आधारवर त्याचं वेगळंच स्पेलिंग. पुढं दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीत तिन्ही कागद तीन माणसांचे ठरतात. नाव ठेवल्याबरोबर लॅबकडून नाव जोडलेली प्रत मागून घ्या. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी मुलाला घेऊन जायचं. लहान मुलांना तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि पुढं परत तपासणी होते. तिथं आईला प्रश्न विचारून मुलाला काय काय येतं ते भरलं जातं. अभिमानानं ‘सगळं येतं’ म्हणू नका आणि टक्के वाढावेत म्हणून ‘काहीच येत नाही’ही नको. मदतीशिवाय, एकट्यानं जे येतं तेच सांगा, वही सोबत असेल तर सोपं जातं. दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० किंवा वर असली की रस्ते उघडतात. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा असून त्यात ठरावीक मर्यादेत थेरपीचाही खर्च येतो, म्हणून थेरपीच्या पावत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट फाईलला लावा. आयकराच्या जुन्या पद्धतीत पालकांना ७५,००० रुपयांची वजावट आहे, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,०००. रेल्वेत मूल आणि सोबतचा एकजण, दोघांनाही स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के सवलत असते. तपासणीसाठी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला खेपा घालणाऱ्या घरांना ती बरीच कामी येते.

शाळेचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क दिलाय. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला तो १९१७ मध्ये. त्याच गावात आजही मुख्याध्यापक तोंडी सांगतात, ‘आमच्याकडं सोय नाही हो, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.’ वाद घालू नका. अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याचदा सोय निघते. अंगणवाडी किंवा बालवाडीत तिसऱ्या वर्षीच घाला, रांगेत उभं राहणं आणि डबा उघडणं तिथंच येतं. शेंडा पार्कच्या चेतना विकास मंदिरासारखी विशेष शाळा एकदा बघून या, मुलाला घालायचं नसलं तरी. तिथं मोठी झालेली मुलं दिसतात आणि त्यांच्या आयांशी फाटकात उभ्या उभ्या बोलता येतं. पाच डॉक्टरांकडून मिळत नाही ती माहिती तिथं दहा मिनिटांत मिळते, कुठला दंतवैद्य न ओरडता तपासतो इथपासून.

मानेचं वर आलंच आहे, तरी परत सांगतो, कारण आपलं गाव तालमीचं. पोरगं पाच-सहा वर्षांचं झालं की चुलता उचलून तालमीत नेणारच आणि न्यावंच, लाल मातीत लोळायला या मुलांना फार आवडतं. लक्षणं नसतील तर मानेचा एक्स-रे उगाच काढायचा नसतो. पण मान एका बाजूला कलणं, मान दुखणं, चांगलं चालणारं मूल अडखळायला लागणं, लागलेली शी-शूची सवय मोडणं, हातातून वस्तू पडणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेबद्दल आपणहून सांगायचं. आणि वस्तादांना पहिल्याच दिवशी एवढं: पळणं, बैठका, माती उकरणं, दोर ओढणं सगळं चालेल; कोलांटउडी, शीर्षासन आणि मानेला धरायचे डाव नाहीत.